वाढवलेली बोरमाळ

४ जानेवारी ८७
नेरूळच्या या खाऱ्या हवेत पितळ आठवड्यात काळवंडतं. दुपारभर वाकी, कुड्या, काचमण्यांची कंठी रिठ्याच्या पाण्याने घासत बसले. सगळं गिरगावातल्या म्हाताऱ्या कपडेपटवाल्याकडचं. त्याची नाटकं बंद पडली, दागिने माझ्याकडे आले. हे म्हणाले, "खोट्यासाठी एवढे कष्ट!" मी कुड्या घासतच राहिले. अख्ख्या बिल्डिंगमध्ये जुनं खोटं घालणारी मी एकटी, याचा मला... असो.

६ जाने.
एकटी नाही. तळमजल्यावर सामंत म्हणून नवीन आलेत. वहिनी टँकरच्या रांगेत उभ्या, विटकी साडी, हातात हंडा आणि गळ्यात बोरमाळ! लाखेवर मुलामा, मणी खरंच बोराएवढे, झळाळी कशी मऊ. त्यांच्या सासूबाई पूर्वी नाटक कंपनीत कामं करायच्या, तिथली. कोणीतरी विचारलं, "केवढ्याची हो?" तर हसून म्हणते, "खोटी आहे!" घरी येऊन मी कंठी काढून ठेवली.

९ जाने.
जळते आहे मी. लिहून टाकलेलं बरं. अंघोळीलासुद्धा काढत नाही म्हणे! अशा बाईकडे अशी वस्तू! शेवटी तोंड उघडून मागितली, १७ तारखेच्या माझ्या हळदीकुंकवापुरती. "न्या की हो, त्यात काय!" इतकं सहज 'हो' म्हटलेलंही टोचलं. काळ्या चंद्रकळेवर घालीन.

१६ जाने.
आणायला गेले. सा. वहिनी बाहेर गेलेल्या. सासूबाई दारात. "माळ? ती वाढवली गो काल." आणि दार लोटून घेतलं.
वाढवली! माझ्या ह.कुं.च्या तोंडावर मणी घालून लांब करून घेतली. म्हणजे स्वतः मिरवणार, तेही माझ्याच घरात. रागात आमटीत दोनदा मीठ पडलं.

१७ जाने.
ह.कुं. झालं. कंठीच घातली. सा. वहिनी यायच्या आत चारचौघींत बोलून घेतलं, "काहीजणी द्यायचं कबूल करतात आणि ऐनवेळी माळेची लांबी वाढवतात." सगळ्या हसल्या. वळते तर ती दारात. गळ्यात नुसती काळी पोत.
"तुटली हो जिन्यात. तुमच्याकडेच आणत होते. एक मणी मिळत नाहीये, नाहीतर ओवून आणली असती."
मंगळसूत्र वाढवलं म्हणतात, बांगडी वाढवली म्हणतात, एवढं मला कळत नाही? पण नाटकातल्या खोट्या माळेलाही 'तुटली' म्हणू नये, असं मानणारी सासू असेल तिची, हे कुठे ठाऊक! माझ्या वस्तूंना मी कधी एवढा मान दिला नाही. तिळगूळ मी दिला. 'गोड बोला' तीच म्हणाली.

१९ जाने.
दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडमागे झाडू घातला तर टक्कन आवाज. तो मणी. एका बाजूची लाख उघडी पडलेली. तळहातावर धरून बसले. लगेच देऊन यायचं ठरवलं. आधी पदराने पुसला. मग म्हटलं, रिठ्याच्या पाण्यातून काढू. मग कुड्यांच्या डबीत ठेवला. यांना बोलले नाही.

२२ जाने.
सासूबाई माळ ओवायला तयार नाहीत म्हणे. सगळे मणी मिळाल्याशिवाय दोऱ्याला हात लावणार नाहीत. सून रोज जिना झाडते. आज आमच्या मजल्यापर्यंत आली. "शैलाताई, तुमच्या स्टँडमागे एकदा बघू?"
"बघा की."
वाकून, कुंचा आत घालून कितीतरी वेळ बघत होती. मी मागे उभी. मणी माझ्या पदराच्या गाठीत होता, सकाळीच बांधला होता, द्यायला म्हणूनच. खरंच. गाठ सोडायलाही घेतली. तेवढ्यात ती उठली, माझ्या गळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमची कंठी किती छान हो. मला जळायलाच होतं बघून."
इतकं हसून म्हणाली. मला नाही येत असं म्हणता.
ती खाली गेली. गाठ अजून सोडलेली नाही.