बोईसरचा हॉल की घिवलीचं अंगण

आबा, तुमची पणती लग्नाची झाली. लग्न घिवलीच्या आपल्या अंगणात करायचं की बोईसरला हॉल घ्यायचा, यावरून आठवडाभर आमच्या फ्लॅटमध्ये कुणी कुणाशी धड बोललेलं नव्हतं. नातीला अंगण हवं होतं. हे खूळ माझंच. ती लहान असल्यापासून तिला जांभळाच्या डहाळ्यांनी शाकारलेला मांडव आणि त्याखालचा हिरवा उजेड सांगत आलो, तोही शाळेत कविता म्हणायचो तसा, चालीवर, लांबवून. माझा मुलगा मात्र कारखान्यात शिफ्टा करणारा माणूस. त्याने वहीचं पान मधोमध दुमडलं आणि एकीकडे हॉल, एकीकडे घर असं लिहिलं. हॉलखाली भाडं आणि जेवणाची ताटं, की संपलं. घराखाली मांडववाला, जनरेटर, पाण्याचा टँकर, आचारी, वाढपी, वऱ्हाडाला स्टेशनवरून आणायच्या गाड्या. पान पुरेना.

"बाबा, सगळं भाड्याने आणलं तर घर हॉलपेक्षा महाग पडतंय," तो म्हणाला. "गावातली माणसं मांडव घालायला, रांधायला, वाढायला आली तरच परवडेल. येतील?"

"येतील म्हणजे? आपलं गाव आहे."

"तुमचं आहे. मला तिथे कोण ओळखतं? हॉलवाला शनिवारपर्यंत थांबलाय. जाऊन विचारा. आणि कविता नको, हो की नाही तेवढंच आणा."

सुनेने खाली मान घातली. पोर माझ्याकडे बघत राहिली, परीक्षेचा निकाल मीच आणणार असल्यासारखी.

तुमच्या वेळी विचारायला कुणी जात नव्हतं, आबा. मांडवाच्या दिवशी घरटी एक माणूस कोयती घेऊन हजर व्हायचा. कुणी खड्डे खणायचा, कुणी बांबू ताशीत बसायचा, बायका अंगण सारवायला घ्यायच्या. मी सातवीत आहे. शेजारी मांडव चाललाय आणि मी आपल्या ओटीवर बसून कविता पाठ करतोय. तुम्ही येता, माझ्या हातातलं पुस्तक मिटता. "त्यांच्या दारात आपल्या घरचा मानूस नाय दिसला, त उद्या आपल्या दारात कोन येल? ऊठ, बांबू धर." सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी डोळे पुसत बांबू धरतो. पुढे माझ्या हाताच्या मापाची लहानशी कोयती तुम्ही लोहाराकडून करून आणलीत. मी ती दोनदा वापरली असेन. मग नोकरी लागली, बोईसरला राहायला आलो, आणि गावातल्या लग्नांना पाकिटं पाठवू लागलो. त्यांवर शुभेच्छा मात्र वळणदार अक्षरात लिहायचो.

शुक्रवारी घिवलीला गेलो. शेजारच्या वहिनी अंगणात सुकट पसरत होत्या. आता त्यांचं वाकणंही अर्ध्यावर थांबतं. मला बघून म्हणाल्या, "अगो बाई, भावजी! कोन मेला नाय ना?"

मी लग्नाचं सांगितलं. अंगणाचं सांगितलं. मग कसंबसं मांडवाचं विचारलं. त्यांचा हात सुकटीवर फिरतच राहिला.

"माज्या पोरीच्या मांडवाला तुमी पाकीट धाडलंत. चांगलं जाड होतं हां! पन पाकिटान बांबू उभा नाय ऱ्हात, भावजी."

मी उठायला लागलो.

"बसा ओ, नाय कुटं म्हटलं मी? येतील पोरं. आबांचं नाव घेतलं का आजून उठतात सगले." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पन फुडल्या म्हयन्यात माज्या नातवाचा मांडव हाय. तुमच्या घरातनं कोन येल?"

मुलाला सुट्टी मिळणार नाही. नातजावई पुण्याचा. माझे गुडघे हे असे. तरी 'मी येतो' एवढं म्हणायला काय लागत होतं? निदान दोरी धरून उभा राहिलो असतो. मी म्हणालो, "बघतो."

"बघा," त्या म्हणाल्या. "चाय टाकते."

चहा घेऊन रिक्षाने परतलो. वाटभर मनाशी घोकत होतो की आबांनी जन्मभर लोकांचे मांडव घालून जे नाव कमावलं, ते फेडायची ऐपत नसताना वापरायचा मला काय अधिकार? विचार मोठा भारदस्त वाटत होता. मुलगा दारातच उभा होता.

"काय म्हणाले?"

"नाही जमणार त्यांना."

त्याने तिथेच उभ्याने हॉलवाल्याला फोन लावला. पोर आत गेली, पुन्हा बाहेर आली. "आजोबा, तुम्ही ज्यांच्याबद्दल इतकं सांगायचात, ती हीच माणसं? एक दिवस येऊ शकत नाहीत?" तिचा आवाज चिरकत होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "दिवस बदलले, बाळा."

त्याला आता चार दिवस झाले. पोर गावाचं नाव काढत नाही. सून परवा फोनवर कुणाला तरी सांगत होती की गावची माणसं फक्त जेवायला येतात. ऐकूनही मी पेपर वाचत राहिलो.

हे पत्र फाडून टाकणार आहे, म्हणून लिहितो. तुमचं नाव राखायला खोटं बोललो, असं मी स्वतःला सांगतो, पण ते खरं नाही. तुमच्या अंगणात सगळे तुमच्या नावाने राबले असते आणि मी तेवढा खुर्चीत बसलेला दिसलो असतो. हॉलमध्ये सगळेच खुर्चीत बसतात. हॉल ठरला तेव्हा मला हायसं वाटलं, आबा.