निकालाआधीचा फ्लेक्स

८ जाने., गुरु.

सकाळी बेल. दारात द्राक्षांचा क्रेट, क्रेटमागे पांढरी टोपी, टोपीमागे मुलगी. दिंडोरीकडचे. बाप लेकीला घेऊन आलेला. "एम.बी.ए.ला लागंल का, तेवढं सांगा म्याडम." जसं काही मी मुलाखतींची तयारी घेत नाही, पत्रिका बघते.

मुलीचं नाव प्रज्ञा. इंजिनिअर. सातपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, खरेदी विभागात, तीन वर्षं. प्रश्न मी तिला विचारते, उत्तरं आप्पा देतात. (अख्खं गाव त्यांना आप्पा म्हणतं म्हणे. तासाभरात मीही म्हणायला लागले.) "प्रज्ञा, तुला नोकरीत काय आवडतं?" "ती पयल्यापासनं हुशार हाय." शेवटी त्यांना बाहेर सुधीरकडे पाठवलं. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून नवऱ्याला गप्पांना माणूस लागतोच.

दहावी झकास, तालुक्यात पहिली. प्रवेश परीक्षेचा स्कोअर चांगला. मध्ये बारावीला हा एवढा खड्डा. का गं? "पेपर अवघड गेले." पेपर सगळ्यांना तेच होते की.

माझ्या खुणा नेहमीच्याच. न. म्हणजे नक्की, का. म्हणजे काठावर, वि. म्हणजे विसरा. हिच्यापुढे का. लिहिलं. आप्पांना सांगितलं, चान्स चांगला आहे, पण सगळं मुलाखतीवर, आणि बारावीचं काय सांगते त्यावर. पहिले तीन शब्द ऐकले आणि गडी उठलाच. उरलेलं मी जिन्याला सांगितलं.

१४ जाने., बुध. संक्रांत

तिळाचा पाक कढईत, आणि फोन. आप्पा. "लागलं, म्याडम!"

दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेचा कॉल आलाय. मुलाखत पुण्याला, १३ फेब्रुवारी. मी: अहो आप्पा, नुसतं बोलावलंय. "तेच की." मी: बोलावलेल्यांतले निम्म्याहून जास्त परत पाठवतात. "आपल्याला कशाला पाठवतील?" शेवटी त्यांना समजेल असं सांगितलं. मुलगी बघायला आलेत, पसंती कळवलेली नाही. तर म्हणतात, "आमच्यात बघायला आले म्हणजी पसंतीच असती. उगा कोण पेट्रोल जाळतंय?"

पाक जळला.

१७ जाने., शनि.

प्र.ची पहिली सराव-मुलाखत. "एम.बी.ए. का करायचंय?" तर नेतृत्वगुण, सर्वांगीण विकास, समाजाचं देणं. कुठून उचलतात ही पाठांतरं देव जाणे. गेल्या आठवड्यात आलेल्या पंचवटीच्या मुलानेही हेच म्हटलं, याच क्रमाने.

मग कारखान्याबद्दल विचारलं, तर पोरगी एकदम वेगळीच. माल वेळेवर न देणाऱ्या पुरवठादाराला कसं बोलावं, कुठे गप्प बसावं, सगळं हातवारे करून सांगत होती. हे सांग ना बाई तिथे. "पण ते साधं आहे मॅडम." कपाळावर हात.

बारावी विचारली. खुर्चीच्या हाताचं रेक्झिन नखाने सोलत बसली. नवीन खुर्ची आहे.

२२ जाने., गुरु.

सुधीर वणीला जाऊन आला. घरात शिरल्यापासून हसतोय. "तू फेमस झालीस." मोबाइल पुढे केला.

वाटेत आप्पांच्या गावाच्या चौकात फ्लेक्स. हा एवढा. कु. प्रज्ञा हिची एम.बी.ए.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मध्ये ती, पदवीच्या टोपीत. बाजूला आप्पा, हात जोडून. खाली शुभेच्छुकांची चाळीसेक डोकी. आणि उजव्या कोपऱ्यात मी. मार्गदर्शक म्हणून. महाबळेश्वरला गॉगल लावून स्ट्रॉबेरी खाताना. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललाय फोटो. स्ट्रॉबेरी अर्धी कापलीय, गॉगल ठेवलाय.

आप्पांना फोन. उतरवा तो आधी. "म्याडम, चढिवलेला उतरवू कसा? लोकं म्हणतील रद्द झालं." अहो, मुळात झालंच नाहीये. "म्हणून तर. राहू द्या की होईपर्यंत."

या माणसाशी वाद घालता येत नाही. मला तर नाहीच, सुधीरही हरला. फोन ठेवून म्हणतो, लॉजिक पक्कं आहे.

२३ जाने., शुक्र.

प्र.चा फोन, कारखान्यातून. फ्लेक्सचा फोटो तिच्या साहेबांपर्यंत पोचला. पेढे मागितले, आणि दुपारी तिचे सगळे पुरवठादार दुसऱ्याकडे दिले. "तू तर चाललीसच." आता ती फाइली लावतेय. "मॅडम, नाही झालं तर मी इथे कोण?"

म्हटलं, तू तयारीकडे बघ. दिवसभर चिडचिड. मोलकरणीवर उगीच ओरडले.

२६ जाने., सोम.

आज झेंडावंदनानंतर गावात प्रज्ञाचा सत्कार. थांबवायला गेले होते. थांबवायला. आणि शाल, श्रीफळ आणि फेटा घेऊन परत आले.

शाळेच्या पटांगणात मांडव. मी आप्पांना गाठेपर्यंत कुणीतरी मला स्टेजवर बसवलंसुद्धा. माइक हातात आला तेव्हा म्हटलं, बरं झालं, आता सगळ्यांसमोर एकदाच सांगून टाकू. म्हणाले, "प्रज्ञाची निवड अजून झालेली नाही. मुलाखत व्हायची आहे." टाळ्या. परत म्हणाले, "कदाचित होणारही नाही. चांगल्या चांगल्यांची होत नाही." त्याहून जोरात टाळ्या. शेजारचे सरपंच कौतुकाने पुटपुटले, किती नम्र आहेत. खाली आप्पा उपरण्याने डोळे पुसतायत.

प्र. बोललीच नाही. गाडीपर्यंत सोडायला आली. फ्लेक्सखालून जाताना मान खाली. मी म्हटलं, आपण उद्या बसू. तर म्हणते, "मॅडम, बारावीला पण होता."

काय होता?

दहावीला तालुक्यात पहिली आली तेव्हा आप्पांनी याच खांबांवर लावलेला. 'भावी डॉक्टर.' गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवलेला. कॉलेजची एसटी याच चौकातून. दोन वर्षं रोज त्याच्याखाली उभं राहून एसटीची वाट बघायची. "पावसानं फाटला तर आप्पांनी नवा केला. सगळी एसटी मला डॉक्टर म्हणायची. कंडक्टर पण. पुस्तक उघडलं की तेच चित्र दिसायचं. शेवटी शेवटी पुस्तक उघडायचीच भीती वाटायची."

मी त्या फेट्यात नुसती उभी. अशा वेळी काय बोलतात ते मला कधीच जमलं नाही. "बस आता घरी जाऊन," म्हटलं आणि गाडीत बसले.

२८ जाने., बुध.

प्र.ला दोन तास समजावलं. अगं, हेच सांग. बारावीचं हेच खरं उत्तर आहे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना आजारपणं शोधून काढावी लागतात, आज्या माराव्या लागतात.

"नको. आप्पांनी हौसेनं केलेलं. ते मी अनोळखी लोकांपुढं गुन्ह्यासारखं मांडू? आप्पांना नावं ठेवून सीट नको मला."

नावं ठेवायला कोण सांगतंय? नाही म्हणजे नाही. बाप तसा, लेक तशी. मग पेपर अवघड गेले असंच सांग आणि ये परत, म्हटलं. चिडून म्हटलं. ती मानेने हो म्हणाली, त्याने आणखी चिडले.

३१ जाने., शनि.

आज माझा तोल सुटला.

आप्पांचा फोन. प्रज्ञा पुण्याला निघेल त्या दिवशी स्टँडवर बँजो लावायचा विचार आहे, चालंल का? मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. डॉक्टरचा फ्लेक्स बोलले. एसटी बोलले. तिची बारावी तुम्ही घालवलीत, आता हेही घालवा, असंही बोलले. ती मला विश्वासाने बोलली होती हे बोलून झाल्यावर आठवलं.

पलीकडे पंपाचा आवाज तेवढा. मग "बरं म्याडम," आणि फोन बंद.

सुधीर म्हणाला, खरं तेच बोललीस. मला तसं वाटत नाहीये. म्हणजे खरं आहे. पण मी कोण सांगणारी.

२ फेब्रु., सोम.

फ्लेक्स उतरला. काल भल्या सकाळी आप्पांनी स्वतः शिडी लावून उतरवला.

गावाला जे वाटायचं ते वाटलं. रद्द झालं. कालपासून माणसं घरी येऊन बसतायत, मयताला बसतात तशी. कुणी म्हणालं, हल्ली वशिल्याशिवाय होत नाही. आत्याने तर प्र.ला जवळ घेऊन रडूनच घेतलं.

हे सगळं प्र.ने फोनवर सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. "मॅडम, तुम्ही का सांगितलंत?" आप्पा बोलत नाहीत तिच्याशी. जेवतात, बागेत जातात, परत येऊन झोपतात. "फ्लेक्स होता तेव्हा निदान बोलत तरी होते."

सॉरी म्हटलं. ती "असू द्या" म्हणाली. सरावाला येणार नाही म्हणाली.

१० फेब्रु., मंगळ.

आली. न कळवता, ड्यूटीवरून सरळ. "घ्या मुलाखत." घेतली. पाठांतर सगळं गेलंय. पुरवठादारांचं छान सांगितलं. नेतृत्वगुण एकदाही नाही. बारावीचा प्रश्न मी विचारला नाही. तिनेही काढला नाही. जाताना खुर्चीचं सोललेलं रेक्झिन दिसलं तिला. "हे मी केलं?" नाही गं, उंदराने.

खूण बदलावी का? पेन उचललं, ठेवलं. का.

१३ फेब्रु., शुक्र.

आज पुणे. आप्पा नाशिकच्या स्टँडपर्यंत आले होते म्हणे. पाण्याची बाटली दिली, बस सुटेपर्यंत उभे राहिले, बोलले नाहीत. दिवसभर माझं कशात लक्ष नाही. दोनदा फोन उचलून ठेवला. मला काय झालंय? अशी शेकड्याने पोरं गेली.

१४ फेब्रु., शनि.

प्र.चा फोन. बारावी विचारलीच. पहिलाच प्रश्न.

मी: काय सांगितलंस?
"खरं."
आप्पांचं?
"नाही. माझं. म्हटलं, लोकांनी माझ्याबद्दल एक ठरवलं होतं, मला ते नको होतं, आणि मी दोन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. अभ्यासापेक्षा ते जड गेलं."
मग?
"त्यांनी विचारलं, आता सांगता का? म्हटलं, नाही. अजून नाही जमत. परवासुद्धा दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं."

हे असं सांगून आलीय. जमत नाही म्हणून. मॅनेजर व्हायला निघालेली मुलगी, समोर पाच माणसं, आणि तिथे ही प्रामाणिकपणा करून आली. एका बाईंनी काहीतरी लिहून घेतलं म्हणे. चेहरे कोरे.

हे उत्तर फार चांगलं की पायावर धोंडा, मला सांगता येईना. इतकी वर्षं हेच करतेय आणि सांगता येईना. पण मला ते आवडलं. इथे लिहून ठेवते, तिला सांगितलेलं नाही.

९ एप्रिल, गुरु.

निकाल उद्या संध्याकाळी.

दुपारी बेल. आप्पा, एकटेच. द्राक्षं संपली म्हणून पिशवीत बेदाणे. जानेवारीनंतर आज पहिल्यांदा समोर आले. विचारलं, फ्लेक्सचं काय केलंत? "बेदाण्याखाली हातरलाय. उलटा करून." पुढे, "कापड चांगलं हाय."

लागंल का, हे विचारलंच नाही. सुधीरने पाणी दिलं, ते हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्याडम, नाय झालं तर मी तिच्याशी काय बोलू? आमचं बोलणं अजून तसं... जेवायला वाढ, मोटर बंद कर, एवढंच. तुम्ही पोरास्नी शिकवता ना काय बोलायचं ते. मला शिकवा."

मुलाखतीची तयारी पोरांची घेतली आजवर. बापाची कधी नाही. म्हटलं, या. मी त्या सोललेल्या खुर्चीत बसले. मी प्रज्ञा. "आप्पा, नाही झालं माझं."

ते लगेच, "फुडल्या वर्षी शंभर टक्के होईल." नापास. आप्पा, तो परत फ्लेक्सच झाला.

परत. "आप्पा, नाही झालं." "त्यास्नी काय कळतंय? आपण दुसरीकडं..." नापास.

तिसऱ्यांदा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मला वाटलं उठून जातात. मग माझ्याकडे न बघता, "बस. मी चहा ठिवतो."

सुधीर आतून ओरडला, पास. मी म्हटलं, थांब, आधी विचार त्यांना चहा येतो का करायला.

येत नाही. आयुष्यात केलेला नाही.

आता दोघं स्वयंपाकघरात आहेत. सुधीर आलं किती, साखर किती सांगतोय, आप्पा तेच पुन्हा म्हणून पाठ करतायत. दूध उतू गेल्याचा वास येतोय. प्रज्ञापुढे अजून का.च आहे, त्याखाली आप्पांचं नाव घातलं आणि त्यांच्यापुढेही का. लिहिलं.