पाय घसरला नव्हता

लेनार्ट,

तुमच्यावर सिनेमा निघालाय. खाणीसाठी जंगल तोडू नये म्हणून झाडांवर घरं बांधून राहिलेल्या तुम्हा पोरांवर. काल आई आणि मी त्याच्या पहिल्या खेळाला कोलोनला गेलो, नटही येणार होते. "जग सुधारायला निघाले, पण अंथरूण आवरायला नको," असं आई गाडीत पुटपुटत होती.

तुझं काम टिल नावाच्या नटाने केलंय. तो तुझ्यासारखा अजिबात दिसत नाही. पण पोलिसांशी हुज्जत घालताना त्याने अंगठ्याने डावी भुवई दाबली आणि आईने माझा हात घट्ट धरला. तुझी ही सवय घराबाहेर कुणाला माहीत आहे?

सिनेमा संपल्यावर आईने त्याला गाठलंच. "भुवईचं तुला कुणी सांगितलं रे?"

टिलचा चेहरा उतरला. "झाडावर शूटिंग होतं. मागून कुणीतरी म्हणालं, असं नाही, असं कर. वळलो तर वर मी एकटाच."

"आणखी काय म्हणाला?"

"पाय घसरला असं दाखवू नका. दोर कापला होता."

तू झाडावरून पडून गेलास, तेव्हा पोलिसांनी पाय घसरला असंच लिहिलं होतं. सिनेमातही तसंच आहे. टिलचं कुणी ऐकलं नाही.

आज सकाळी आई मला घेऊन सरकारी वकिलांच्या कचेरीत गेली. चौकशी पुन्हा करा म्हणाली. तिथल्या बाईंनी विचारलं, "साक्षीदार आहे कुणी?"

"माझा मुलगा."

"मग उद्या त्याला घेऊन या."

"येईल," आई म्हणाली.

आता ती तुझा सदरा इस्त्री करतेय. लेनार्ट, तू खरंच येशील, याचीच मला भीती वाटतेय.

तुझी बहीण,
रिके