बाळा भावजी घाटावर काय बोलले

३ फेब्रुवारी, मंगळवार
बाळा भावजी खोटं बोलतंय. तोंडावर सांगितलं त्यांना. काल मालकांचं दहावं. घाटावर निवद ठेवला, कावळा शिवंना. ऊन चढलं, पावणं कंटाळलं. दिरानं कबूल केलं, पोरीचं लगीन मी थाटात करतो. न्हाय. मी म्हटलं, माझा घोर करू नका, हातपाय धड हायत माझं. न्हाय. मग मालकांचं दोस्त बाळा भावजी पुढं झालं, पानाजवळ वाकलं, तोंडावर रुमाल धरून कायतरी पुटपुटलं. उभं ऱ्हायच्या आत कावळा खाली. सगळी म्हणाली, सुटला जीव.
माझा न्हाय सुटला. बायकोच्या शब्दाला कावळा हलंना आन् दोस्ताच्या शब्दाला उतरतोय? काय बोलला, विचारलं. "काय न्हाय वहिनी, नमस्कार केला." नमस्काराला एवढं बोलावं लागतं व्हय?

५ फेब्रु., गुरु.
दोघांना शाळंपासनं गळाचा नाद. फौंड्रीला सुट्टी असली की मालक पंचगंगेवर. एकदा तरी खोल समुद्रात जायचं, मोठा कुपा गळाला लावायचा, हे दोघांचं किती वर्सांचं. कुपा म्हंजे ते टूना. माणसाएवढा होतोय म्हणं. मालक रिटायर झालं तशी रूपानं बापाला भेट म्हणून रत्नागिरीची बोट ठरवून दिली. गेलं हसत. दोन रात्री समुद्रात. परत येताना आंबा घाट चढून वर आलं, मलकापूरजवळ भावजींच्या गाडीत त्यांच्याच खांद्यावर मान टाकली. दवाखान्यात न्हेलं तवा सगळं...
आन् मासा? भावजी म्हणतंय, सोडला. चार बोटांचा मासा घावला तरी गल्लीला रस्सा वाटणारा माणूस. त्यो सोडंल?

८ फेब्रु., रवि.
सोडला. डोळ्यानं बघितलं. भावजींनी काढलेला व्हिडिओ रूपाच्या फोनात हुता, तिनं माझ्यापासनं दडवलता. "आई, तुला सोसायचं न्हाय." सोसतंय की. आण हिकडं.
कमरेला पट्टा, काठी धनुष्यागत वाकलेली. मालक घामानं निथळतंय आन् माशाला शिव्या. "ये की मर्दा! ये की वर!" बोट हाकणारा तांडेल म्हणतोय, "ओढा काका, दमला तो." मालक म्हणतंय, "मी काय बसून खातोय व्हय रं?" सगळी हसत्यात. मग पाण्यातनं वर आला. बाई गं. निळी काळी पाठ, पिवळं कल्लं, डोळा वाटीएवढा. मालकांनी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बैलाच्या ठेवावा तसा. आन् म्हणालं, काप दोरी.
तोंड हिकडं फिरलं. डोळ्यात पाणी, तोंडभर हसू. एवढं खूश मी त्यांना लग्नातबी बघितलं न्हाय. वाईट वाटलं. मग चांगलं वाटलं. मग परत वाईट.
शेवटाला मालक उजव्या हातानं डावा खांदा दाबत खाली बसलं. तिथंच व्हिडिओ बंद. बंद केला कुणी? फोन भावजींच्या हातात.

१० फेब्रु., मंगळ.
तांडेलाला फोन लावला. भला माणूस. आधी आढेवेढे घेतलं. मग म्हणाला, "सकाळीच काका म्हणाले, हात भरून आलाय. मी बोट फिरवत होतो हो वहिनी. त्यांनी हात जोडले. म्हणाले, आज फिरवलीस तर परत कधी येणार मी? बाळाकाकांना शपथ घातली, घरात कळायचं नाही." धक्क्यावर डॉक्टरकडं चला म्हटलं त्यानं. मालक गाडीत जाऊन बसलं.
म्हंजे ठावं हुतं. दोघांनाबी.
रूपाला हे बोलले तर म्हणती, "तू माझ्या समाधानासाठी रचून सांगतीस." ताटावरनं उठली. दहाव्यापासनं असंच. बोट मी ठरवली, बाप मी मारला, एवढंच तोंडात.

१२ फेब्रु., गुरु.
हातकणंगल्याला भावजींच्या घरी गेलते. च्या नको म्हटलं.
"रूपाला खरं सांगा."
"शपथ हाय वहिनी."
"घालणारा गेला की!"
"म्हणून तर. मोडू कशी?"
"मग घाटावर काय कबूल केलं?"
"त्याला म्हटलं..." बोलता बोलता उठून गोठ्यात गेलं, म्हशीकडं तोंड करून उभं. वाळल्यात लई. कॉलरीत मान हलतीया नुसती. बायको म्हणाली, रोज उठलं की गाडीजवळ जाऊन उभं ऱ्हात्यात, दार उघडत न्हाईत.
मला रागबी धड धरवंना. एस्टीत बसल्यावर उमगलं, घाटावरबी शपथच पाळायचं कबूल केलं असणार, घरात कळू देत न्हाय म्हणून.

१३ फेब्रु., शुक्र.
फोन उचलत न्हाईत. मग फोनात बोलून निरोप पाठवला. जे पाठवलं तेच हितं लिवते.
भावजी, मला तुमच्याशी भांडायचं न्हाय. थांबवलं का न्हाय, तेबी विचारत न्हाय. त्यो दिवस त्यांना तुमच्यामुळं मिळाला, मी बघितलाय. पण पोर जेवंना. माझं तिला पटत न्हाय, तांडेल तिला परका. तुम्ही तिच्या बापाशेजारी हुता. ठावं असून त्यांनी स्वतः ठरवलं, एवढं तिच्यासमोर बसून सांगा. शपथ मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर घाला, मी बघून घेते मालकांना वर गेल्यावर. रविवारी सकाळच्या गाडीनं पोर पुण्याला जाणार, तिथं एकटी ऱ्हाती ती. उद्या शनिवार. दिवं लागायच्या आत या. येणार का न्हाय, ते सांगा.