रडार, राहनाळ, शंभर टक्के स्वदेशी

२ फेब्रुवारी
परदेशी कंपनीचा नकार. रडारसाठी चिप देणार नाहीत. लष्करी मालावर त्यांच्या सरकारचे निर्यात-निर्बंध, म्हणे. अर्जात 'वापर कशासाठी' यापुढे मी अभिमानाने 'शत्रूच्या विमानांचा नायनाट' लिहिलं होतं. रंजिता म्हणाली, हे लिहायची काय गरज होती? बायकोला संरक्षण धोरण कळत नाही. ठरलं. रडार शंभर टक्के स्वदेशी!

५ फेब्रुवारी
थोरल्या भाऊने राहनाळचं गोदाम पाडव्यापर्यंत दिलंय. तोवर रडार चाललं न्हाय तं गोदाम भाड्याला जानार आनि तू माझ्या ट्रकवर कामाला येनार, असं बजावलं. येईन की. पद्म पुरस्कार घ्यायला त्याच ट्रकने जाईन.

१२ फेब्रुवारी
चिपचा प्रश्न मिटला! भाऊच्या ट्रकांना मागे रिव्हर्स सेन्सर आहेत. भिंत जवळ आली की पीं पीं. तत्त्व तेच! सगळे काढून आणले. भाऊला सांगितलेलं नाही. गुप्तता. अँटेना फिरवायला भंगारातल्या कापड विणायच्या लूमची मोटर.

२० फेब्रुवारी, सकाळी
पहिली चाचणी. हेरगिरी नको म्हणून गोदामातच, अगदी पत्र्याखालच्या माळ्यावर. बटण दाबताच पीं पीं पीं! डावीकडून शत्रू, उजवीकडून शत्रू, वरूनही! रंजिताला हाका मारल्या. तिने वर पाहिलं. म्हणाली, अहो, पत्रा आहे तो.

दुपारी
म्हणजे पत्रा पकडला. यशच.

१५ मार्च
लष्कराला रडार पुरवणाऱ्या कंपनीच्या मृणाली मॅडम चाचणी बघायला आल्या. रडार अंगणात. शेजारच्या चंद्राने लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन उडवला. रडार गप्प. ड्रोन डोक्यावर आला, तरी गप्प. इतक्यात भाऊ चहा घेऊन जवळ आला, आणि पीं पीं पीं.
मॅडमनी विचारलं, पल्ला किती? सध्या दीड मीटर, म्हणालो. त्या हसल्याही नाहीत. फार लागलं मनाला.
भाऊने चहा खाली ठेवला. आरं, ह्यो तं माझ्या गाडीचा आवाज हाय, म्हणाला.

१९ मार्च, पाडवा
गोदाम पार्सलवाल्यांना गेलं. सेन्सर परत बसेनात, वायरी मीच कापल्या होत्या. त्यामुळे ट्रक मागे घेताना मागे मी उभा. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस! परदेशी सुटा भाग एकही नाही.

घसा बसलाय. उद्या शिट्टी घेईन म्हणतो.