हिरव्या ठिपक्याचं मटण

तिसगाव,
रविवार, दुपार

प्रिय नबीलाल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मोबाईल आल्यापासून तुला लिहिलेलं हे पहिलंच. माझं अक्षर शाळेत होतं तसंच कोंबडीच्या पायाचं आहे. बघून हसू आलं तर हस, मला बरं वाटेल. देवळालीच्या पोस्टमनला तुझं शिलाईचं दुकान सापडेलच.

सुमैराच्या साखरपुड्याला महिना झाला. तुझ्या नातीच्या आनंदाच्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठलो, चारचौघांत रोशनभाभीला "बाटवलंत मला" असं बोललो आणि तडक एसटी धरली. पन्नास वर्षांची दोस्ती मी त्या एका वाक्यात घालवली की काय, या विचाराने कुठल्याच कामात जीव लागत नाही.

इकडे तूर फुलावर आलीय. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली पाठ टेकली की लगेच डोळा लागतो आणि रोज एकच स्वप्न पडतं. डोंगराच्या पायथ्याला तीन दगडांची चूल, तुझे अब्बा फुंकणीनं जाळ लावतायत, भगुल्यात मटण रटरटतंय. आपण दोघं एकाच ताटावर, नळी कुणाची यावरून भांडतोय. उन्हं कलत नाहीत, ताट रिकामं होत नाही. पिवळी फुलं अंगावर पडत राहतात. तूर तिथे कुठून आली, हे स्वप्नात कुणी विचारत नाही. जाग येते तेव्हा तोंडाला पाणी सुटलेलं असतं. अठरा वर्षांपूर्वी, दादांचं छत्र गेलं तेव्हा, मी तुळशीची माळ घातली आणि मांसमच्छी सोडली. स्वप्नाला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

माळ घातल्यापासून तुझ्या घरच्या प्रत्येक दावतीत मी कोपऱ्यात बसून बटाट्याची भाजी खाल्ली. भाभीला ते सलायचं. म्हणून तर सुमैरानं पुण्याहून ते सोयाबीनचं मटण आणलं, भाभीनं माझ्यासाठी कोरं पातेलं काढलं आणि मला पंगतीत तुझ्या शेजारी बसवलं. "भाऊ, बिनघोर खावा. तुमची माळ मला ठाव हाय," एवढंच ती म्हणाली. काय आहे ते जेवण झाल्यावर सांगून गंमत करायची, असं पोरींचं ठरलं होतं. गंमत मीच घालवली. मी ओरडलो तेव्हा भाभी आत जाऊन रिकामं पाकीट घेऊन आली आणि त्यावरचा हिरवा ठिपका माझ्यासमोर धरला. तरी मी थांबलो नाही.

परवा आमच्या महाराजांना विचारलं, माळकऱ्यानं असलं खावं का. ते म्हणाले, शेंगेतलंच आहे ना, मग खुशाल खा, दोष नाही. तुझ्या मुक्तावहिनीला पटलं नाही. "सोडलं तर सोडलं. मग त्याचं सोंग कशापायी?" म्हणाली. मला दोघांचंही पटतं. पण भाभीला सोंग करायचं नव्हतंच. तिला मला कोपऱ्यातून उठवून तुमच्यात बसवायचं होतं. हे मला उशिरा कळलं, माझ्या डोक्यात नेहमीच उशिरा उजेड पडतो.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो, त्याच्यासाठीच लिहायला बसलो. सगळ्यांना वाटतं, सहादेवला मटणाची शंका आली आणि तो लगेच उठला. तसं झालं नाही. पहिल्या घासालाच मला वाटलं, गर्दीत पातेली बदलली, हे खरं मटण आहे. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी दुसरा घास घेतला, मग तिसरा, डोळे मिटून, चवीनं. चौथाही घेतला असता. तेवढ्यात मुक्ता पाणी घेऊन आली आणि "अवो, हे काय खाताय?" म्हणाली. चोरी पकडली गेली, म्हणून भाभीवर ओरडलो. महाराज दोष नाही म्हणाले, कारण त्यांना मी एवढंच सांगितलं की ते सोयाबीन निघालं. मी मात्र मटण समजून खाल्लं होतं. म्हणून माळ काढून देव्हाऱ्यात ठेवलीय आणि मुक्ताला दोरा तुटला म्हणून सांगितलंय. नबीलाल, हे पत्र भाभीला मोठ्यानं वाचून दाखव, मला वाचवायला एक अक्षरही गाळू नकोस. तिनं मला बाटवलं नाही, मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. ज्यांच्यासमोर बोललो, त्या सगळ्यांसमोर हे कबूल करायला मी येतो. भाभीनं ये म्हटलं, तरच.

तुझाच,
सहादेव