न वापरलेल्या बेचाळीस कुप्या

साकाता,
२३ ऑक्टोबर

चि. नाओफुमी यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी पडायला लागली. तुझ्या कायोवहिनीने छपराखाली मुळे वाळत टांगलेत. नदीकाठी लोकांची अळकुड्यांच्या रश्श्याची पातेली चढली. आम्ही यंदा गेलो नाही. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. तू पाठवलेला तुझ्या कंपनीचा नवा खेळ मिळाला. सोबतच्या चिठ्ठीत म्हणतोस, "दादा, गोड बोलू नकोस, खरं मत लिही." तर घे!

पहिलं म्हणजे तुझी पात्रं फार बोलतात. गावचा म्हातारा तलवार द्यायला निघतो आणि आधी पणजोबापासूनचा पाढा वाचतो. अरे, द्यायची तर दे की! गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून मी पुराण सांगत बसलो, तर ते ऐकून घेईल का?

एखादं पात्र होऊन गावोगाव हिंडायचे खेळ मला मनापासून आवडतात, हे तुला माहीतच आहे. त्यांत न्याय असतो. शंभर बेडूक मारले की ताकद वाढते आणि वर तुतारी वाजते. मी वीस वर्षं कात्री चालवतोय, एकदा तरी कुणी तुतारी वाजवली? तेवढा भाग झकास जमलाय.

डावपेचांचा भाग मात्र तू कसायासारखा केलायस. मेलेला सैनिक परत येत नाही, ठीक आहे. पण मागे जाऊन चाल बदलायची सोयही काढून टाकलीस! माझा तो बडबड्या तिरंदाज चौथ्या लढाईत गेला. जखमी होऊन तीन चाली पडून होता बिचारा. माझ्या पिशवीत संजीवनीच्या बेचाळीस कुप्या होत्या. एकही काढली नाही. म्हटलं, पुढे याहून मोठी लढाई येईल.

तू हसशील. लहानपणी शेजारी बसून ओरडायचास, "दादा, वापर की! स्मशानात नेणार आहेस का?" मी म्हणायचो, "थांब रे, घाई काय?" खेळ संपायचा आणि कुप्या तशाच राहायच्या.

आणखी एक. हा खेळ एका हाताने खेळता येत नाही. तेवढं जमलं तर बदल. माझा डावा हात सध्या मोकळा नसतो.

नाओ, मी हे हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून लिहितोय. डावा हात बाबांच्या हातात आहे. दुकान दोन महिने बंद आहे.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, पोटात कर्करोग आहे आणि पसरलाय. बाबा घरी आले, रोजच्यासारखा वस्तरा पुसला. "नुसती बोटं हलवून पोट भरतं होय?" असं त्यांनी तू खेळ बनवायच्या नोकरीला निघालास तेव्हा विचारलं होतं आणि तू फटकन म्हणालास, "तुमचं कशाने भरलं मग?" त्या दिवसापासून नऊ वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी घेतलं. म्हणाले, "नाओला कळव. म्हणावं, एकदा ये आणि केस कापून घे. टोकियोत कोण धड कापत असेल त्याचे?"

मी म्हणालो, "कळवतो."

कळवलं नाही. तुझा खेळ सप्टेंबरात बाजारात यायचा होता, हे एक निमित्त. खरं सांगतो, मला वाटलं, तुला एकदाच बोलावता येईल. लवकर बोलावलं आणि तुम्ही दोघं पुन्हा भांडलात, तर दुसऱ्यांदा तू यायचा नाहीस. म्हणून ती एक हाक मी जपून ठेवली. बाबा रोज विचारायचे, "निघाला का तो?" मी रोज सांगायचो, "कामात आहे, येईल." त्यांना वाटलं, तूच टाळतोयस. हे पाप माझं आहे रे, तुझं नाही. रविवारी तुला फोन केला, तेव्हाही अर्धा तास तिरंदाजाबद्दलच बोललो. तोंडातून दुसरं काही फुटेचना.

गेले अकरा दिवस बाबांनी डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, हा आठवडा निघणं कठीण. मी काय करू सांग? बसून राहतो. त्यांची दोन बोटं अधूनमधून माझ्या तळहातावर उघडमीट करतात, कात्रीसारखी. कायो म्हणते, "नसांचं काहीतरी असेल." कोणाचे केस कापतायत ते मला माहीत आहे.

पत्र तातडीच्या टपालाने टाकतोय, उद्या पोचेल. मिळताच नीघ. ते ओळखतील की नाही, असतील की नाही, काही सांगता येत नाही.

वाटेत केस कापू नकोस. आहेस तसाच ये.

सगळं जपून ठेवून वेळेला रिकाम्या हाताने बसलेला,
तुझा दादा
कियोहारू